पिकअप लावला की व्हायोलिन पत्र्यासारखं का वाजतं?

तक्रार ठरलेली असते. घरी किंवा क्लासमध्ये नुसतं वाजवलं तर गोड असलेलं व्हायोलिन स्टेजवर पिकअप (तारांचा कंप विजेत बदलणारा छोटा तुकडा) लावून मिक्सरला जोडलं की पत्र्यासारखं वाजतं. खालच्या दोन तारांना अंगच राहत नाही, बो फिरल्याची खरखर मात्र शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. मग नेहमीचा संवाद सुरू होतो. "भाऊ, थोडा बेस द्या ना." "दादा, बेस फुल आहे. तुमचा पिकअपच तसा आहे." बेस अजून रेटला की घुमायला लागतं, ट्रेबल उतरवला की व्हायोलिन तबल्याच्या मागे जाऊन बसतं, गेन चढवला की मागे सूंऽऽ चालू. एवढ्यात नाट्यगृहाची पहिली घंटा होते आणि "चालवून घेऊ" यावर तडजोड होते. पुढच्या कार्यक्रमात हेच पुन्हा.

यात पिकअप बहुतेक वेळा निर्दोष असतो. साउंडवाल्याचाही दोष नसतो, कारण त्याच्या मिक्सरपर्यंत जे पोचतं ते वाटेतच कापलं गेलेलं असतं, आणि जे आलंच नाही ते इक्यूने, म्हणजे बेस-ट्रेबलच्या बटणांनी, वाढवणार कसं? म्हणून कुठल्याही बटणाला हात लावण्याआधी एकच गोष्ट बघायची: पिकअपची वायर थेट कशात शिरते आहे? मॅन्डोलिन, बिनबॅटरीचा पिकअप असलेलं गिटार, तबलीवर चकती चिकटवलेली सतार, सगळ्यांची कथा हीच आहे. व्हायोलिनमध्ये ती लगेच कानाला खुपते, म्हणून तेच धरून लिहितो.

आवाज गळतो कुठे

ब्रिजमध्ये (तारा टेकतात त्या घोडीत) किंवा ब्रिजखाली बसणारे बहुतेक पिकअप पिझो जातीचे. स्फटिकावर दाब आला की त्यावर विद्युतभार तयार होतो, हे ज्याक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं होतं. आपल्या कामाची गोष्ट एवढीच की विजेच्या दृष्टीने पिझो म्हणजे एक छोटा कपॅसिटर असतो. ब्रिजमधल्या किंवा गिटारच्या सॅडलखालच्या (सॅडल म्हणजे तारा टेकतात ती पट्टी) पिकअपची कपॅसिटी काही शे पिकोफॅरडपासून एक-दोन नॅनोफॅरडपर्यंत असते. असा कपॅसिटर कमी रोधाच्या इनपुटला जोडला की आपोआप फिल्टर तयार होतो आणि तो खालचा आवाज अडवतो. किती खालचा, हे इनपुटच्या रोधावर, म्हणजे इम्पीडन्सवर ठरतं. हिशेब सोपा आहे: १ भागिले (२ × पाय × रोध × कपॅसिटी). पिकअप १ नॅनोफॅरडचा धरला तर,

मिक्सरचं लाइन इनपुट, १० हजार ओहम: सुमारे १६ हजार हर्ट्झच्या खालचं सगळं उतरणीला लागतं.
साधा अॅक्टिव्ह डीआय (वाद्य मिक्सरच्या माइक इनपुटला जुळवून देणारी, विजेवर चालणारी डबी), अडीच लाख ओहम: सुमारे ६४० हर्ट्झ.
गिटार अॅम्प किंवा हाय-झेड (जास्त रोधाचं) इनपुट, १ मेगओहम म्हणजे १० लाख ओहम: सुमारे १६० हर्ट्झ.
पिझोसाठीच बनवलेला प्रीअॅम्प (मिक्सरच्या आधी पिकअपचा आवाज झेलून पुढे देणारी डबी), १० मेगओहम म्हणजे १ कोटी ओहम: १६ हर्ट्झ, म्हणजे ऐकू येण्याच्याही खाली.

व्हायोलिनची सर्वांत खालची तार पाश्चात्त्य मिळवणीत १९६ हर्ट्झला असते. आपल्याकडे गायकाच्या षड्जाप्रमाणे मिळवताना ती अनेकदा याहूनही खाली जाते. लाइन इनपुटवर त्या १९६ हर्ट्झचं सुमारे ३८ डेसिबलने खच्चीकरण होतं. मिक्सरवरचा बेसचा खटका साधारण १५ डेसिबल देतो. "बेस फुल आहे" हे साउंडवाल्याचं म्हणणं खरंच असतं, फक्त त्या फुल बेसने निम्मीसुद्धा भरपाई होत नाही. अडीच लाखाच्या डीआयवर तीच तार १०-११ डेसिबलने खाली जाते, १ मेगवर दोनेक डेसिबलने, आणि १० मेगवर जशीच्या तशी येते. प्रत्यक्षात वायरची कपॅसिटी मिळून हे आकडे थोडे सरकतात, पण चित्र बदलत नाही.

पी-३८ पिनला (गिटारच्या वायरची जाड पिन) कॅनन, म्हणजे माइकच्या तीन काड्यांच्या पिनचा, कन्व्हर्टर लावून थेट माइकच्या सॉकेटात घालणं हा आपल्याकडचा फार लाडका उपाय आहे. माइक इनपुटचा रोध दीड-दोन हजार ओहमपासून सुरू होतो, म्हणजे लाइनपेक्षाही वाईट. तिथे गेन भरपूर मिळतो म्हणून "आता आवाज आला" असं वाटतं. आलेली असते ती खरखर.

एक अपवाद इथेच सांगून टाकतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळणारी पितळी पिझो चकती, २७ मिलीमीटरची, तिची कपॅसिटी २० नॅनोफॅरडच्या आसपास असते. ती लाइन इनपुटवरही ८०० हर्ट्झपर्यंत तग धरते आणि १ मेगवर तर काहीच गमावत नाही. म्हणून चकतीवाल्या सतारवाल्याचं कधी कधी साध्या डीआयवरही बरं चालतं, आणि तोच डीआय महागड्या ब्रिज पिकअपवाल्याला दिला की त्याचा आवाज पडतो. "माझा दहापट महाग, तरी याचा चांगला कसा?" याचं उत्तर किमतीत नाही, कपॅसिटीत आहे.

दोष पिकअपचा नाही, याची खात्री

मीटर वगैरे लागत नाही. वादकांपैकी कोणाचा गिटार अॅम्प असेल तर पिकअप त्यात लावून बघा. अॅम्प नसेल तर मिक्सर नीट पाहा. बऱ्याच छोट्या मिक्सरवर एक-दोन चॅनलला हाय-झेड किंवा गिटार असं लिहिलेलं बटण असतं, वायर त्या चॅनलला लावून बटण दाबा. खालच्या तारेत जीव आला, तर पिकअप ठणठणीत आहे आणि पुढचं सगळं फक्त जोडणीचं काम आहे. नाहीच आला तर मात्र शेवटच्या भागाकडे वळा.

तेही नसेल तर गिटारवाल्याचा ट्यूनर पेडल उसना घ्या. बॉसच्या टीयू-३ सारख्या पेडलमध्ये बायपासलाही, म्हणजे पेडल बंद असतानाही, बफर (पिकअपवर भार न टाकता आवाज पुढे देणारं सर्किट) चालू राहतो आणि त्याचं इनपुट १ मेगओहमचं असतं. पिकअप त्यात, त्यातून डीआयमध्ये. पेडलला वीज लागते, आणि ट्यूनर ऑन ठेवला तर आवाज म्यूट होतो, एवढं सांभाळा. "ट्रू बायपास" लिहिलेला पेडल इथे कुचकामी, तो नुसती वायर पुढे जोडतो. कायमचा इलाज म्हणून मी हे सुचवणार नाही, पण तिसऱ्या घंटेच्या आधी यापेक्षा लवकर होणारं दुसरं काही मला माहीत नाही.

मग जोडायचं कसं

क्रम असा: पिकअप, छोटी वायर, प्रीअॅम्प, तिथून कॅननने स्टेज बॉक्स (स्टेजवरच्या वायरी मिक्सरकडे नेणारी पेटी), आणि मग मिक्सरचं माइक इनपुट. प्रीअॅम्प वादकाजवळ, मिक्सरजवळ नाही. ही चूक फार वेळा होते. प्रीअॅम्प विकत घेतलेला असतो, पण तो साउंडवाल्याच्या टेबलावर ठेवून स्टेजवरून भली लांब वायर ओढलेली असते.

त्या वायरचं काय होतं ते बघा. गिटारची नेहमीची शिल्डेड वायर मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरडची भर घालते. इलेक्ट्रिक गिटारच्या चुंबकी पिकअपला लांब वायर लावली तर ट्रेबल मरतो, हे सगळ्यांना माहीत असतं. पिझोचं तसं नाही. तिथे वायर सगळाच आवाज समप्रमाणात खाली आणते. १ नॅनोफॅरडच्या पिकअपला ६ मीटर वायर म्हणजे सुमारे ४ डेसिबल गेले. शिवाय एवढ्या जास्त रोधाच्या जोडणीत वायर हलली, कोणाचा पाय लागला की खडखड ऐकू येते. पिकअप ते प्रीअॅम्प हे अंतर दीड-दोन मीटरच्या आत ठेवा. प्रीअॅम्पच्या पुढे कॅननची वायर ५० मीटर गेली तरी चालेल.

घ्यायचा कुठला? आकडा बघून घ्या. एल. आर. बॅग्जचा पॅरा डीआय १० मेगओहमचा आहे, ९ व्होल्टच्या सेलवर चालतो आणि मिक्सरच्या फँटमवरही (मिक्सर माइकच्या वायरमधूनच पाठवतो ती ४८ व्होल्टची वीज). रेडिअलच्या पीझेड-डीआयवर २२० हजार, १ मेग आणि १० मेग असा तीन जागांचा खटकाच आहे. तो फिरवून ऐकला की वरचा सगळा हिशेब एका मिनिटात कानाने पटतो. याउलट रेडिअलचाच जेडीआय हा उत्तम ट्रान्सफॉर्मर डीआय असूनही १४० हजार ओहमचा आहे, आणि भाड्याच्या साउंडमध्ये हमखास दिसणारा बेहरिंगरचा डीआय १०० अडीच लाखांच्या वर. कीबोर्डला दोन्ही छान. पिझोला थेट नकोत, प्रीअॅम्पच्या पुढे लावले तर काही बिघडत नाही. डबीवर "अकूस्टिक" लिहिलंय म्हणून घेऊ नका. माहितीपत्रकात इनपुट इम्पीडन्स शोधा, आणि १ मेगच्या खाली असेल तर परत ठेवा. हाताने सोल्डरिंग करणाऱ्याला टीएल०७२ आयसी आणि १० मेगओहमचा रेझिस्टर घेऊन बफर घरी बनवता येतो. डबी धातूचीच घ्या आणि ती ग्राउंडला जोडा, प्लास्टिकच्या डबीत तो रेडिओ होतो.

फँटमबद्दल थोडं जपून. छोट्या मिक्सरवर फँटमचं बटण सगळ्या चॅनलना एकच असतं. गायकासाठी किंवा तबल्यासाठी कंडेन्सर माइक लावला की ४८ व्होल्ट सगळ्या कॅनन सॉकेटवर आले. तुमचा प्रीअॅम्प फँटमवर चालणारा असेल तर उत्तमच. पण पी-३८ आउटपुटला कन्व्हर्टर लावून तो माइक इनपुटात घातला असेल तर ते ४८ व्होल्ट उलट दिशेने प्रीअॅम्पच्या आउटपुटवर येऊन बसतात. काही प्रीअॅम्प सहन करतात, काही जातात. मधे डीआय असला की हा प्रश्नच मिटतो.

बॅटरीवालं वाद्य एकदम गप्प

ही दुसरी नेहमीची तक्रार, आणि हिचं कारण पूर्ण वेगळं. गिटारच्या आतच प्रीअॅम्प आहे, सेल नवा आहे, घरी वाजतं, आणि हॉलवर आवाज शून्य किंवा लांबून आल्यासारखा. पहिल्यांदा वायरची पिन हातात घेऊन बघा. तिच्यावर काळ्या पट्ट्या किती आहेत? एक असेल तर मोनो, दोन असतील तर स्टिरिओ.

अशा वाद्यात जॅक मुद्दाम स्टिरिओ बसवलेला असतो. सेलची ऋण बाजू मधल्या कड्याला जोडलेली असते. मोनो पिन आत गेली की तिचा लांब दांडा मधलं कडं आणि ग्राउंड जोडतो आणि प्रीअॅम्प चालू होतो. म्हणजे पिन हाच स्विच. साउंडवाल्याने चांगल्या मनाने आपल्याकडची भारीतली बॅलन्स्ड वायर दिली, जिला दोन पट्ट्या असतात, की हे दोन टोक जोडलेच जात नाहीत आणि सेलचा सर्किटच पुरा होत नाही. मोनो वायर लावा, वाद्य बोलेल.

याच रचनेची दुसरी बाजू: कार्यक्रम संपल्यावर पिन तशीच ठेवून गिटार केसमध्ये टाकलं की सेल रात्रभर चालू. दुसऱ्या दिवशी हळू वाजवलं तर ठीक, जोरात स्ट्रोक मारला की आवाज फाटतो. फाटलेला आवाज ऐकून लोक पिकअप बदलायला निघतात. आधी मीटरने सेल बघा. नवा ९ व्होल्टचा अल्कलाइन सेल साडेनऊच्या जवळ दाखवतो. सातच्या आसपास आलेला मी कार्यक्रमाला वापरत नाही.

हम आणि खरखर

वाजवणं थांबवून तारा किंवा जॅकचा धातू हाताने धरा. धरल्यावर हम कमी झाला तर वाद्याच्या बाजूचं शिल्डिंग अपुरं आहे. उघडी पिझो चकती तर अँटेनाच असते. तिच्यावर इन्सुलेशन टेप, वरून तांब्याची पट्टी, आणि ती पट्टी ग्राउंडला सोल्डर, एवढ्याने बहुतेक प्रकरण शांत होतं. धरूनही फरक नसेल तर पुढे शोधा. प्रीअॅम्पला अॅडॅप्टर लावला असेल तर काढून सेलवर चालवा. गेला हम, तर अॅडॅप्टर गुन्हेगार. नाही गेला तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट (वायरमधली ग्राउंडची जोडणी तोडणारं बटण) दाबून बघा.

गणपतीच्या मंडपात वेगळी गंमत असते. जनरेटर, लायटिंगचे डिमर आणि साउंड एकाच बोर्डावरून घेतलेले असतात, आणि लाइट मंद केला की बझ वाढतो. बझ लाइटबरोबर बदलत असेल तर तो तुमच्या पिकअपचा नाही, साउंडला वेगळी लाइन मागून घ्या. आणि हम घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढणारा कोणी भेटला तर त्याला तिथेच थांबवा. तारा धातूच्या, माइक धातूचा, जमीन पावसाने ओली. तिथे जीव जाऊ शकतो.

शिट्टी मारणं

रोधाचा प्रश्न सुटला आणि खालचा आवाज परत आला की फीडबॅक डोकं वर काढतो. हे अपेक्षितच आहे. आधी जे नव्हतंच ते घुमणार कसं? लो-कट (ठरलेल्या जागेच्या खालचा आवाज कापणारा फिल्टर) सर्वांत खालच्या तारेच्या किंचित खाली लावा. लाकडी स्टेजवरच्या पावलांची धप्पधप्प त्याने थांबते. व्हायोलिनच्या पोटातल्या हवेचा घुमारा साधारण २७०-२८० हर्ट्झला असतो आणि पहिली घूम बहुधा त्याच परिसरात येते. प्रीअॅम्पवर नॉच (एकाच अरुंद जागेचा आवाज कापणारा फिल्टर) असेल तर आवाज हळूहळू चढवून घुमू द्या आणि नॉच फिरवत ती जागा शोधा. गिटारचा हाच घुमारा १०० हर्ट्झच्या आसपास असतो. रबरी झाकण लावून साउंड होल बंद केलं तर निम्मं काम तिथेच होतं.

प्रीअॅम्पवरचं फेजचं (आवाजाची लाट उलटी करणारं) बटण दोन्हीकडे करून बघा. ज्या बाजूला घुमण्याआधी जास्त आवाज मिळतो ती बाजू ठेवा. मॉनिटर हलवला किंवा तुम्ही जागा बदललीत की हे उत्तर उलटू शकतं, म्हणून बसायची जागा पक्की झाल्यावरच हे करायचं. सतारीला मॉनिटर समोरून नकोच. तरफा त्याच्या आवाजाने स्वतःच बोलायला लागतात आणि मग नॉचने कुठली कुठली तार धरणार?

ट्रेबल आणि रिव्हर्ब सगळ्यात शेवटी. बोची खरखर उरलीच असेल तर अडीच ते चार हजार हर्ट्झच्या दरम्यान तीनेक डेसिबल काढून बघा. त्याहून जास्त काढावं लागत असेल तर जोडणीत काहीतरी राहिलंय.

१० मेगवरही खालची तार मेलेलीच

आता पिकअपच्या बैठकीकडे बघायचं. व्हायोलिनमध्ये फिशमन व्ही-२०० सारखा पिकअप ब्रिजच्या कडेच्या खाचेत दाबून बसतो. खाच जराशी मोठी असेल तर तो आतल्या आत हलतो, बारीक झणझण येते आणि खालचा आवाज जातो. खाच रुंद झाली असेल तर ते कारागिराचं काम आहे, कागदाच्या घड्या घालून भरू नका. गिटारमध्ये एखादीच तार हळू येत असेल तर सॅडलचा तळ सपाट नाही. काचेवर सॅन्डपेपर ठेवून तळ घासावा लागतो, आणि तोही थोडाथोडाच, नाहीतर अॅक्शन, म्हणजे तारांची उंची, खाली येते. चकती मऊ डबल टेपवर चिकटवली असेल तर टेपच कंप खाऊन टाकते. पातळ आणि कडक थर हवा.

पावसाळ्यात यात जॅकची भर पडते. पिन फिरवली की खर्रर्र आवाज येत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पिन पाच-सहा वेळा आतबाहेर करा. आणि जॅकचा नट सैल झालेला दिसला तर तो पान्याने नुसता गरागरा आवळू नका. नटाबरोबर आतला जॅकही फिरतो, त्याला सोल्डर केलेली केसासारखी वायर पिळली जाऊन तुटते, आणि मग आवाज येतो-जातो. जॅकच्या भोकात मोनो पिन किंवा तेवढ्याच जाडीची काडी घट्ट धरून ठेवा आणि मग नट आवळा.